उकळलेलं पेन

मथाथाच्या पलीकडे, खडीचा रस्ता संपतो तिथे
गाडी लावून मी फाटकाशी थांबलो.
जुलैची थंडी. कुरणावर दव गोठून पांढरं.
पिरोजी भिंतींच्या गोल घरातून माडलोमो बाहेर आली,
डोक्याचा रुमाल तोंडाला बांधून.
"आत ये," म्हणाली, सवयीनं.
मी मान हलवली.
आमच्याकडे पाहुण्यानं दारातून परतणं
म्हणजे घराला शिवी दिल्यासारखं.
पण त्या आठवड्यात मी अकरा घरं फिरलो होतो,
माझ्या श्वासात कुणाकुणाच्या घरचं काय असेल
मला ठाऊक नव्हतं.

मग आमच्यात तारेचं कुंपण,
सहा पावलं,
आणि एक शेळी, जिला अंतराचे नियम
कुणी सांगितले नव्हते.

खिशात फोन थरथरला.
साहेबांचा निरोप, सकाळपासून तिसरा:
"लोक घाबरलेत. हाच हंगाम आहे."
हंगाम. जणू मक्याचा.

"वेलिलेचं नाव घाल," ती म्हणाली,
"माझ्या भावाचं. आजच. लिही, तब्येत ठणठणीत."
तेवढ्यात आतून खोकला आला,
कोरडा, लांब, मध्येच तुटणारा.
आम्ही दोघांनी तो ऐकलाच नाही असं केलं.
शेळीनं कान टवकारले.

फॉर्म माझ्या हातात होता.
आणखी दोन सह्या, की महिन्याचा आकडा पुरा,
आणि मुलीची फी.
खोटं काही फार मोठं नव्हतं:
एका चौकोनात बरोबरची एक खूण,
तीही माझ्या हातची नाही, तिच्या.

मास्क वर ओढला आणि बोललो, मोठ्यानं,
सहा पावलांवरून खरं हळू सांगता येत नाही:
"माडलोमो, सहा महिने थांबावं लागतं.
त्याआधी तो गेला तर कंपनी एक रँडही देणार नाही.
आणि खूण खोटी निघाली तर कधीच नाही.
तू हप्ते भरशील, मी कमिशन घेईन,
आणि पेटी तुला उधारीवरच आणावी लागेल."

रुमालामुळे तिचा चेहरा दिसला नाही.
शेजारणीनं मात्र भरलेली बादली खाली ठेवली.

"मग तू आलास कशाला, लुबाबालो?"

याचं उत्तर माझ्या माहितीपत्रकात नव्हतं.
म्हणालो, "जुने कागद असतील तर आण."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा
तिनं कुंपणाखालून सरकवला.
हातांना स्पिरिट चोळून मी एकेक उलगडत गेलो:
बाप्तिस्म्याचा दाखला, नवऱ्याचा खाणीतला बिल्ला,
विजेची बिलं, आणि अगदी तळाशी
दुसऱ्याच कंपनीची, नऊ वर्षांपूर्वीची पॉलिसी.
चौथ्या ओळीत: वेलिले, भाऊ.
हप्ता एकच थकलेला. मुदतीला पाच दिवस बाकी.

"हे भर. आजच. फोनवरून, दुकानातून, कसंही.
नवं काही घेऊ नकोस. माझ्याकडूनही नको."
"आणि तुला काय?"
"मला उशीर होतोय."

नंबर लिहून घ्यायला पेन फेकलं तिच्याकडे.
"राहू दे," म्हणालो, "परत नको."

साहेबांना कळवलं: विक्री शून्य.
त्यांनी अंगठा पाठवला, खाली वळलेला.
मढ्याच्या टाळूवरचं लोणी
माझ्या घशाखाली उतरत नाही, असं लिहिलं होतं मी.
पाठवलं नाही. नोकरी हवी होती.

ऑगस्टच्या शेवटी टॅक्सी थांब्यावर
तिनं मला लांबूनच हाक मारली.
अंगात काळा कोट. थंडीत सगळेच घालतात,
असं मी स्वतःला सांगून पाहिलं.

"पितळी कड्यांची पेटी होती," ती म्हणाली,
"कुणाचं देणं नाही.
पन्नास जणांचीच परवानगी. एकोणपन्नास मोजले मी.
तुझी जागा ठेवली होती."

आणि पिशवीतून माझं पेन काढून
मधल्या बाकावर ठेवलं, मागे सरली.
"उकळलंय. चांगलं दहा मिनिटं."

ते मधोमध वाकलं होतं.
मी खिशाला लावलं.
टोपण काही बसत नाही.