अपेक्षित तूर, मिळाली तूर

उदगीरच्या दाळमिलमध्ये, वजनकाट्याच्या खोलीत,
भुशानं पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर
तीन दिवस झाले, मी एकच पोतं शिवतेय.

जेनेरिक पोतं. म्हणजे कशाचंही.
आज तूर भरा, उद्या हरभरा,
शिवण एकदाच घालायची.
साधी हौस. गोणपाट विणणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असतं
आत काय जाणार ते.

ज्या भाषेत लिहितेय ती
जगात चारशे माणसं लिहीत असतील,
उदगिरात मी एकटी.
हुडगे शेठना वाटलं होतं, नवी आहे म्हणजे महाग असणार.
फुकट आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वासच उडाला.

कंपायलर अकरा मिनिटं घेतो.
तेवढ्यात ट्रक काट्यावर चढतो, उतरतो,
चाळणी झाडून होते,
लाइट जाते,
आणि मग पहिल्यापासून अकरा.
शेवटी तोंड उघडतो. ओळ चारशे बारा:
अपेक्षित होतं, तुरीचं पोतं.
मिळालं, तुरीचं पोतं.

बस्स. खाली एक बाण,
रिकाम्या जागेकडे बोट दाखवणारा.

कंस बदलले. नावं बदलली.
हे पोतंच आहे बाबा, असं चार ठिकाणी बजावलं.
तूर, हरभरा, मूग, तिघांची तीन पोती
हातानंच लिहून काढावीत, इथवर आले.
ज्यासाठी ही भाषा धरली तेच सोडून.

बोलले असेन मोठ्यानं. दारात ईरबा हमाल
हूक खांद्याला अडकवून पाणी पीत होता.
"दोन्ही तूरच का?"
दोन्ही तूरच, मामा.
"मग एक जुनी असंल.
परवा मीबी एक पोतं माघारी लावलं की.
मार्का त्योच, शिलाई तीच,
पर एक औंदाची, एक गेल्या सालची.
शेठला एकात एक चालत न्हाई."

फोल्डर उघडलं.
तळाशी, दुसऱ्याच कुणाच्या मागं लपून आलेली,
तीच लायब्ररी, गेल्या सालची.

काढली. अकरा मिनिटं.
चारशे बारा गेली.
चारशे एकोणीसवर आता त्याचं म्हणणं,
मी कशाचं पोतं म्हणतेय तेच त्याला कळेना.

ईरबा तोवर पोतं पाठीवर घेऊन निघाला होता,
आत काय आहे ते न विचारता.
नाही, खोटं कशाला,
उचलताना एकदा हलवून बघितलं त्यानं.