बुरैमीतली खोली

खिडकीतून सीमेपलीकडचे दिवे दिसतात, अल ऐनचे.
अलीकडे हे हॉटेल, खोलीत पाच खाटा,
व्हिसा बदलायला बाहेर पडलेल्या आम्ही पाचजणी,
ना धड इथल्या, ना धड तिथल्या.
एजंट म्हणाला होता, तीन दिवस, फार तर चार.

पहिल्या रात्री मी दिवा लावला.
साडेबारा वाजले असतील, ब्रश सापडेना.
कोपऱ्यातली त्सिगे काही बोलली नाही,
फक्त ओढणी तिने डोळ्यांवर ओढली,
आणि ज्या सवयीने ओढली
ती सवय मला शिवीपेक्षा जास्त लागली.
बटणापर्यंतची चार पावलं संपता संपेनात.

नियम कुणी लिहिलेले नव्हते.
भिंतीवर किब्ल्याचा बाण होता
आणि दोरीने बांधलेला एसीचा रिमोट.
बाकीचं बघून बघून शिकायचं.
प्लास्टिकची पिशवी रात्री उघडायची नाही,
उघडायचीच तर एका झटक्यात,
हळूहळू उघडली की ती जास्त बोलते.
सॉकेट एकच. जिचं लेकरू आता शाळेतून घरी येईल
तिचा फोन आधी.
आतले कपडे टॉवेलखाली वाळवायचे,
आणि दुसरीचा टॉवेल सरकला
तर सारखा करायचा
आणि विसरून जायचं.

बार्शीहून आणलेली शेंगांची चटणी मी उघडली
तेव्हा खोलीभर लसूण झाला. मी ओशाळले.
जोसेलिन पावाचा तुकडा घेऊन पुढे आली,
नाकातून पाणी वाहत असताना
'गुड' म्हणाली, दोनदा.
कुमुदिनीने न मागता खिडकी उघडली,
बाहेर बेचाळीस अंश होतं.

एकदा मध्यरात्री कुणीतरी रडत होतं.
घरात कुणी रडलं तर आपण धावतो,
पाणी देतो, काय झालं, काय झालं विचारतो.
इथे चौघींनी भिंतीकडे तोंड केलं.
पाठ फिरवणं म्हणतात ते हे नव्हे.
पाच खाटांच्या खोलीत
एकांत असाच बांधावा लागतो,
चार पाठींच्या चार भिंती.
सकाळी बेसिनकडे लिसीअम्मा आधी गेली
आणि तोवर कुणी गादीवरून उठली नाही.

किती दिवस झाले, हेही विचारायचं नाही.
त्सिगेचे एकोणीस होते.
ते मला खालच्या रिसेप्शनवरच्या पोराकडून कळलं,
आणि कळल्याचं मी तिला कळू दिलं नाही.

माझा मेसेज सहाव्या रात्री आला, अडीचला.
'वृषाली मॅडम, आला. टॅक्सी चारला.'
मी उशी चावली.
अशा खोलीत आनंदालाही
पायात चपला घालू द्यायच्या नसतात.
बॅग बाथरूममध्ये नेऊन भरली, नळ बारीक सोडून.
चादरीची घडी केली, उशीवरचे केस वेचले.
चटणीची बाटली जोसेलिनच्या खाटेखाली सरकवली.
त्सिगेचा चार्जर ढिला होता, वायर धरून बसायची.
माझा तिला ठेवावा असं वाटलं,
मग वाटलं, सुटलेलीने अडकलेलीला काय द्यायचं,
उगाच आगाऊपणा.
नाही ठेवला.
बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

चौघींचे श्वास फार एकसारखे येत होते.
झोपलेली माणसं इतक्या शिस्तीत श्वास घेत नाहीत.

मी अंधारात दाराची कडी चाचपत होते.
कोपऱ्यातून मोबाईलचा उजेड आला,
तोंडावर नाही, पाठीवर नाही,
बरोब्बर कडीवर.
मी बाहेर पडले तसा विझला.

दोन मजले अनवाणी उतरले.
मग चपला घातल्या.