कँटीन कमिटी

वाळूजच्या कंपनीत मी निवडून आलो
दोनशे बारा मतांनी.
इलियासभाईनं गुलालाऐवजी
कँटीनचीच हळद उधळली.

हातात आलं ते एवढं:
मंगळवारी दोडका की भेंडी,
वरणात डाळ किती, पाणी किती.
भांडलो. हात वर केले, मोजले.
दोडका पडला सात मतांनी,
रंगनाथ आठवडाभर रुसला.

मग एका रात्रपाळीत चार नंबरचं मशीन
ट्रेलरवर चढलं, ताडपत्री पांघरून.
चौदा वर्षं नुसत्या आवाजावर सांगायचो मी
डाय कुठं घासतेय.
कुठं निघालं, विचारलं.
वॉचमन म्हणाला, मालकाचं आहे, मालक नेईल.
मालक कोण?
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

आमच्या लासूरला पाण्याची टाकी
दहा फूट सरकवायची तर
ग्रामसभा बसते, शिव्या होतात, कोरम मोडतो.
इथं सकाळी फरशीवर
बोल्टांची चार भोकं
आणि तेलाचा चौकोन.

संध्याकाळी कमिटी बसली.
विषय एकच: उद्यापासून चाळीस ताटं कमी.
हात वर करा, मी म्हणालो, सवयीनं.
कुणी केले नाहीत.
बऱ्याच वेळानं रंगनाथ बोलला,
दोडका लागू दे आता.
भेंडीवाले गेले.