अंदाज, प्रत्यक्ष

धरणगावच्या जिनिंगात
सरकीवर उंदीर फार, म्हणून ठेवलेली मांजर.
दिवाळीपर्यंत तिला नावही नव्हतं.
मग पोट दोन्ही अंगांनी सुटलं
आणि बाया तिला हाक मारू लागल्या : गठाण.

"कितला पिल्ला व्हतीन वं?"
सिंधूबाईनं विचारलं, आणि रेचे चालूच असताना
सगळ्यांच्या बोटांवर आकडे आले.
द्वारकाबाई म्हणाली, थान मोजा, आठ शेतस,
त्यातली निम्मी.
वॉचमन इसाकभाई म्हणाला सहा,
कारण जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसते.
ट्रकवाल्यानं दोन सांगून
वर चहाची पैज लावली.
धुळ्याला एक डॉक्टर फोटो काढतो म्हणे,
शेवटच्या आठवड्यात कणे मोजता येतात,
माशाच्या काट्यांसारखे बारीक.
भाडं कोण देणार? विषय मिटला.

राहिले हिरामण आप्पा,
चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढून
धाग्याची लांबी सांगणारे.
त्यांनी पोटाखाली तळहात सरकवला.
गठाणनं डोळे अर्धे मिटले,
नखं मात्र बाहेर ठेवली.
"वीस-बावीस दिसनं पोट ऱ्हास तवय
मणीसारखं लागस बोटले.
आते समदं पानी.
आते हात खोटं बोलस."
आणि हात धुवायला गेले.

हिशेब मी लिहिते.
डावीकडे अंदाज, उजवीकडे प्रत्यक्ष,
मध्ये घट.
सगळ्यांचे आकडे उतरवले, माझा नाही.
मलाही सातव्या महिन्यापर्यंत दोन सांगितले होते.
घरी एक आणली. ती आता चौथीत आहे.

रविवारी भोंगा नव्हता.
सोमवारी सरकीत नुसता खळगा,
ताटाएवढा,
कडेला वाळलेलं थोडं रक्त.
बाया वाकून वाकून
खळग्याच्या मापावरून पुन्हा भांडू लागल्या.
आप्पांनी आत हात घातला,
ढिगात घालतात तसा, कोपरापर्यंत,
आणि तसाच राहू दिला.
"आजून ऊब शे."

दुपारी गठाण आली, रिकामी,
कमरेची हाडं वर आलेली.
दूध प्यायली,
आणि कुठे जाते ते कळू नये म्हणून
तीन दिशांनी गेली.

उजवा रकाना कोरा आहे.
रात्री प्रेसच्या मागून इसाकभाईला आवाज येतात,
एका रात्री तीन म्हणतो, दुसऱ्या रात्री पाच.
चहाचे पैसे अजून कोणी दिलेले नाहीत.