हातचा

नुकुसच्या दफ्तरखान्यात खिडकीच्या फटींना कागद चिकटवलाय,
वाळू आत येऊ नये म्हणून. तरी येते.
स्कॅनरच्या काचेवर रोज सकाळी फडकं.

नकाशा उचलायला चार माणसं.
स्कॅन केला तर अकरा जीबी.
माझ्या मशीनची मेमरी चार,
त्यातली दीड ते स्वतःच्याच संसारात घालवतं.
पहिल्या दिवशी मी सबंध नकाशा उघडायला गेले.
पडदा पांढरा, पंख्याला धाप,
आणि ओरिनबाय हसला,
"अगं, समुद्र कुणी एका घोटात पितं का?"
मग गप्प झाला. आमच्याकडे हा विनोद शेवटपर्यंत जात नाही.

तेव्हापासून तुकडे. पाचशेबारा बाय पाचशेबारा.
एक उचल, पूस, उजळ, खाली ठेव,
विसर.
मगच पुढचा.
एक जरी विसरायचा राहिला
तर दुपारपर्यंत मशीन गळ्यापर्यंत भरतं.

कडांची तऱ्हा वेगळी.
डाग की रेघ, हे प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांना विचारून ठरवतो,
आणि कडेच्या ठिपक्याचे शेजारी पलीकडच्या तुकड्यात राहतात.
म्हणून चार ठिपक्यांची किनार उसनी आणायची,
बेरजेत हातचा धरतात तशी.
नाहीतर शिवण दिसते,
मुयनाकचा धक्का मधोमध चिरतो.

समुद्राचे तुकडे भराभर जातात.
डाग काढले की नुसता निळा,
आणि फाइल निळा एकदाच लिहिते,
पुढे फक्त किती वेळा, तो आकडा.
सगळ्यात मोठी गोष्ट, सगळ्यात कमी जागेत.

काल तुकडा चार हजार एकशेसहा.
चाळणीने एक काळपट ठिपका झाडून टाकला.
का कोण जाणे, मी मूळ काढून मोठं करून पाहिलं.
पेन्सिल. कुणीतरी हलत्या होडीत लिहिलेलं असणार,
चाराची शेपटी घसरलीय:
चौदा.
खोली. मीटरमध्ये.

तेवढ्या तुकड्यावर चाळणी बंद केली.
आता तिथे शिवण दिसते. दिसू दे.

धाकटा भाऊ त्याच बाजूला सॅक्सॉलची रोपं लावतो,
रांगेने, कोरड्या तळावर, महिन्याच्या पगारावर.
त्याला फोन लावला. म्हटलं, साबिर,
तू चौदा मीटर खोल उभा आहेस.
वारा आला मध्ये. मग त्याचा आवाज,
"काय खोल? खड्डे? खड्डे हातभरच खणतो आम्ही.
ऐकू येत नाहीये, बिबिनाझ. परत बोल."