सात रात्री

पेट्रोलपंपावर ह्यांनी भरलेल्या चिठ्ठीवरून
लकी ड्रॉमध्ये आमचं नाव निघालं.
दोघांनी मिळूनच यायचं, जेवण फ्री,
पॅन कार्ड विसरायचं नाही.
भुसावळहून जळगाव, स्कूटरवर.
संध्याकाळी सहालाही हँडल चटका देत होतं.

हॉलमध्ये एसी इतका, की मी पदर
दोन्ही खांद्यांवरून घेतला.
टायवाला मुलगा, प्रणित बऱ्हाटे,
आमच्याच यावलकडचा निघाला,
बोलत मात्र होता पुण्यासारखं.
'झोपे साहेब, आम्ही तुम्हाला काय देतोय?
सात रात्री. दर वर्षी. पंचवीस वर्षं.'
आडनावावर तो हसला नाही.
शिकवलेलं असणार.

मी पोस्टात, काउंटरला.
एकवीस वर्षं लोकांच्या आरडीचे
पाचशे-पाचशे मोजते.
नॅपकिनवर मांडलं:
साडेतीन लाख भागिले एकशे पंच्याहत्तर,
रात्रीला दोन हजार.
वर देखभालीचे वर्षाला चौदा हजार,
म्हणजे आणखी दोन,
आणि ते 'थोडेसे वाढतात, मॅडम'.
गाडीभाडं वेगळं. जेवण वेगळं.
हे आज त्रेपन्न. शेवटच्या वर्षी सत्त्याहत्तर.
मुन्नारचा तो जिना तेव्हा कोण चढणार?
'मुलं वापरतील ना!'
मुलगी एकच. दिवाळीला दीड दिवस येते.

शेजारच्या टेबलावर
चोपड्याच्या कुणा डॉक्टरांनी सही केली.
टाळ्या. एक फुगा फोडला.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं,
तर हे पुस्तकातल्या फोटोवर बोट ठेवून बसलेले.
फोटोत दरी होती, धुकं होतं.
बोट पलंगावरच्या ब्लँकेटवर.
'मे महिन्यातलाच फोटो आहे, सर.'
'मे महिन्यात पांघरूण,'
हे म्हणाले. कुणालाच नाही.

एकतीस वर्षं लोको शेडला,
महिन्यातले दोन आठवडे नाईट.
रात्र द्यायची, तिचा भत्ता घ्यायचा.
एका रात्रीचा किती,
तेही त्याच नॅपकिनवर लिहिणार होते.
नाही लिहिलं. घडी करून पर्समध्ये टाकला.
दिवसा खिडकीला ओली चादर, कूलरची घरघर,
भंगारवाला ओरडला की कूस बदलायची.
रजा शिल्लक आहे. तीनशे दिवस.
न घेतलेल्या रजेचे रिटायरमेंटला पैसे मिळतात.
हिशोब माझाच.
जपायला मीच लावली.

'ही किंमत आज रात्रीपर्यंतच.'
विचार करून सांगतो, म्हटलं,
तेव्हा प्रणितच्या तोंडावर पहिल्यांदा यावल दिसलं.
'काका, महिना संपत आला हो...'
पुढचं त्यानं गिळलं,
आणि कॅसरोलचा खोका हातात दिला.

घरी येऊन गच्चीवर पाणी मारलं.
अकरा वाजताही फरशी चर्र झाली.
गाद्या टाकल्या. यार्डात
मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत होते.
'घेऊन टाकू का वं?'
मी म्हटलं, आधी रजा तर मागा.
आपण असेच जाऊ. कुठंही.
'शेडला माणसं नाहीत.'
मग बऱ्याच वेळानं,
'उशी कशी असते काय म्हाईत तिथली.'

सोमवारी सकाळी दहाला फोन.
हे नाईट करून आलेले,
खिडकीतली चादर अजून ठिबकत होती.
'झोपे साहेब आहेत?'
'झोपलेत.'
'मग काय ठरलं, मॅडम?'
मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं.
म्हटलं, ते पंचवीस वर्षांचं राहू दे, बाळा.
एकच रात्र.
सुटी मिळते का?
तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला.
'नाही हो, मॅडम.
सुटी नाही मिळत.'