अंदाजे पंचेचाळीस मिनिटे

स. न. वि. वि.
तुमच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर, तळाशी,
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय
की हा फॉर्म भरायला अंदाजे पंचेचाळीस मिनिटे लागतात.
या वेळेला तुम्ही भार म्हणता (शब्द बरोबर आहे)
आणि अंदाजाबद्दल कुणाला काही म्हणायचं असेल
तर कळवावं.
म्हणून कळवतेय.

मी ईरीच्या वाचनालयात कामाला आहे.
मंगळवारी आणि गुरुवारी, प्रिंटरशेजारच्या टेबलावर,
लोकांचे फॉर्म भरायला बसते.
नोव्हेंबरात तिथे स्टॅन्ली व्होयचिक आले.
वय अठ्ठावन्न, एकतीस वर्षं वेल्डिंग,
आता बोटांत पेन टिकत नाही.
पेन टिकत नाही हे सिद्ध करायचा फॉर्म
पेनानेच भरायचा. शाई काळी.

पंचेचाळीसातली पंचवीस बसथांब्यावरच गेली.
सरोवरावरून आडवं बर्फ येत होतं,
त्यांनी कागद कोटाच्या आत धरले होते
मांजराच्या पिल्लासारखे.

पान दोन. पाच वर्षांतले सगळे डॉक्टर, पत्त्यांसकट.
एक दवाखाना गेला, तिथे आता गाद्यांचं दुकान.
एक डॉक्टर वारला.
वारलेल्याचा फोन नंबर लागतोच का,
हे तुमच्याच कार्यालयाला विचारायला फोन लावला.
एक तास दहा मिनिटं क्लॅरिनेट वाजत राहिलं,
मग लाईन गेली.
तेवढ्यात त्यांनी डबा उघडून पिएरोगी पुढे केली,
आमच्या करंजीची मावसबहीण, आत बटाटा.
मी त्यांना म्हण सांगितली:
सरकारी काम, सहा महिने थांब.
ते इतके हसले की खोकला लागला.
म्हणाले, फक्त सहा?

पान चार.
सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय करता?
खाली तीन ओळी.
ते खिडकीकडे बघत बसले. प्रिंटरने कुणाची तरी
भाड्याची नोटीस छापली, थांबला.
मग म्हणाले, उठतो.
पुढे?
शर्टाची बटणं लावतो.
त्याला किती वेळ लागतो?
म्हणाले, आयरीन होती तेव्हा लागत नव्हता.
मी लिहिलं: बटणे, वीस मिनिटे.
उरलेलं वाक्य कुठल्या पानावर घालायचं
ते सूचनांत सापडलं नाही.

त्या दिवशी वाचनालय बंद व्हायची घंटा झाली.
पुढच्या मंगळवारी पान पाच, सहा.
किती पावलं चालता येतं? (पावलं कोण मोजतं?
आम्ही उठून मोजली. नकाशांच्या कपाटापर्यंत, आणि बसलो.)

पान सात. मदत करणाऱ्या व्यक्तीचं नाव.
हे मी लिहिणार, म्हणाले ते.
खांबेटे हे आडनाव एकेक अक्षर सांगितलं,
त्यांनी पेन मुठीत धरून, सुरी धरावी तसं,
ते कागदात कोरलं. अकरा मिनिटं.
मी घड्याळ बघत नव्हते, समोरच लावलेलं आहे.

त्याच्या खाली रकाना: अर्जदाराशी नातं.
माझ्या भाषेत जावेच्या भावालासुद्धा
काहीतरी म्हणता येतं,
पण इथे बसेल असं मला काही सुचेना.
परकी लिहा, मी म्हटलं.
त्यांनी थोडा विचार करून
मंगळवार असं लिहिलं.

जानेवारीत फॉर्म परत आला,
त्या शब्दाभोवती लाल गोल,
दहा दिवसांत दुरुस्त करून पाठवा.

एकूण तीन मंगळवार, एक गुरुवार,
दोन तिकिटं, एक पिएरोगी (दुसरी मी घरी नेली).
मिनिटं तुम्हीच मांडा.
हे पत्र लिहायला लागलेला वेळ त्यात धरलेला नाही.

बाकी सगळी दुरुस्ती केली आहे.
गाद्यांच्या दुकानाचा पत्तासुद्धा दिलाय.
तो रकाना मात्र आम्ही तसाच ठेवला आहे.

कळावे.